अक्षरबदल आज्ञावली

अक्षरबदल आज्ञावली ही दस्तऐवजातील निवडलेल्या मजकुरात ठरावीक वर्णांच्या जागी दुसरे वर्ण बसवणारी छोटी संगणक आज्ञावली होय. आंतरराष्ट्रीय अंकांचे देवनागरी अंक करणे, विसर्गाच्या जागी टंकला गेलेला अपूर्णविराम दुरुस्त करणे, एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकीय लेखने एकसारखी करणे, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे अशा कामांसाठी ती वापरली जाते. ती वर्ड प्रोसेसरमध्ये मॅक्रो म्हणून, मजकूर संपादकात आज्ञा म्हणून किंवा वेबपानावर जावास्क्रिप्टच्या रूपात लिहिता येते. बहुधा दहा-पंधरा ओळींत संपत असल्याने प्रोग्रॅमिंगच्या विद्यार्थ्यांना ती सरावासाठी सोयीची ठरते. देवनागरी मजकुरावर चालवताना मात्र तिच्याकडून झालेली चूक शब्दाचा अर्थ पालटू शकते, आणि पडद्यावर मजकूर व्यवस्थित दिसत असल्याने ती चूक पुष्कळदा लक्षातही येत नाही.

स्वरूप

आज्ञावली कोणत्याही भाषेत लिहिली तरी तिची कामे तीनच असतात. प्रथम ती वापरकर्त्याने निवडलेला भाग संपादकाकडून मागून घेते. नंतर ‘काय शोधायचे’ आणि ‘त्याजागी काय लिहायचे’ अशा जोड्यांच्या कोष्टकानुसार त्या भागाचे नवे रूप तयार करते. शेवटी हे नवे रूप जुन्याच्या जागी ठेवते. बहुतेक संपादकांतील ‘शोधा आणि बदला’ ही सोय यांपैकी मधले काम एका वेळी एकाच जोडीपुरते करते. दहा अंकांसाठी दहा वेळा तीच खिडकी उघडण्याचा कंटाळा हेच अशी आज्ञावली लिहिण्याचे नेहमीचे कारण असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: कोष्टक एकदा तपासून ठेवले की तेच बदल पुढच्या दस्तऐवजावर त्याच क्रमाने होतात.

इतिहास

वर्णांची अदलाबदल करणाऱ्या स्वतंत्र आज्ञा युनिक्स या कार्यप्रणालीत १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातच उपलब्ध झाल्या. ‘टीआर’ ही आज्ञा दोन वर्णसंच घेते आणि पहिल्या संचातील प्रत्येक वर्णाच्या जागी दुसऱ्या संचातील त्याच क्रमांकाचा वर्ण ठेवते. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमेहन यांनी १९७३-७४ मध्ये विकसित केलेल्या ‘सेड’ या संपादकात ओळीओळीने बदल करण्याची आणि एकास एक वर्णबदलाची अशा दोन्ही सोयी होत्या. लॅरी वॉल यांच्या १९८७ मधील पर्ल भाषेने या दोन्ही कल्पना स्वतःत सामावून घेतल्या. पायथनमध्ये हेच काम मजकुराच्या ‘ट्रान्सलेट’ या पद्धतीने होते.

ही साधने घडली तेव्हा एक वर्ण म्हणजे एक बाइट असे गृहीत होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट व्यापतो, आणि तेथे हे गृहीत मोडते. ग्नू संचातील ‘टीआर’ आज्ञा पारंपरिकपणे बाइटच मोजत आली आहे. तिला आंतरराष्ट्रीय अंकांचा संच आणि देवनागरी अंकांचा संच दिल्यास शून्याच्या जागी देवनागरी शून्याचा केवळ पहिला बाइट बसतो, एकाच्या जागी त्याच शून्याचा दुसरा बाइट आणि दोनाच्या जागी तिसरा. परिणामी संपूर्ण संचिका वाचता न येण्याजोगी होते. ‘सेड’ची ग्नू आवृत्ती मात्र यूटीएफ-८ वातावरणात तेच काम बिनचूक करते. दोन आज्ञांतील हा फरक त्यांच्या बाह्यरूपावरून ओळखता येत नाही.

अंकबदल: एक सोपे उदाहरण

युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला क्रमांक असतो आणि तो प्रायः षोडशमान पद्धतीत लिहितात. भारतीय राज्यघटनेने ज्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे त्या अंकांपैकी शून्याचा क्रमांक दशमान पद्धतीत ४८ आहे. देवनागरी शून्याचा क्रमांक यू+०९६६, म्हणजे दशमान २४०६ आहे. दोन्हीकडे पुढचे नऊ अंक ओळीने येतात. त्यामुळे कोष्टकाचीही गरज राहत नाही. वर्णाचा क्रमांक ४८ ते ५७ यांच्यामध्ये असेल तर त्यात २३५८ मिळवावेत, नाहीतर वर्ण आहे तसा ठेवावा, एवढा नियम पुरतो. उलट दिशेने जाताना तेवढेच वजा करावे लागतात.

मायक्रोसॉफ्ट वर्डमधील मॅक्रोत हा नियम लिहिताना एक अडचण हमखास येते. तेथील व्हिज्युअल बेसिकच्या संपादकात देवनागरी अंक थेट टंकले तर त्यांची प्रश्नचिन्हे होतात. म्हणून अंकाऐवजी त्याचा क्रमांक देऊन वर्ण मागवणारे फलन वापरतात आणि ० ते ९ असे आवर्तन चालवून प्रत्येक फेरीत एक अंक बदलतात.

अंकबदलाने मजकूर वाचकासाठी सुधारतो, परंतु यंत्रासाठी तो बिघडण्याची शक्यता असते. पायथनला ‘१२३’ हा देवनागरी अंकांचा मजकूर संख्या म्हणून समजतो. जावास्क्रिप्टला समजत नाही आणि ते ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. वेबपत्ते, संचिकांची नावे, रासायनिक सूत्रे, पुस्तकांचे प्रमाणित क्रमांक आणि ज्ञानकोशाच्या लेखातील साच्यांची मापे यांतील अंक बदलले की दुवे तुटतात, चित्रे दिसेनाशी होतात. संपूर्ण दस्तऐवजाऐवजी निवडलेल्या परिच्छेदावरच आज्ञावली चालवण्याची पद्धत याच कारणाने पडली.

बदलांचा क्रम

अनेक जोड्या एकामागून एक लावताना आधीच्या बदलाचे फळ पुढच्या बदलाच्या तावडीत सापडू शकते. जर्मन लेखनपद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांच्या गटासाठी पूर्णविराम येतो. इंग्रजी पद्धतीत याच्या उलट. जर्मन पद्धतीने लिहिलेल्या ‘१.२३४,५०’ या संख्येत आधी स्वल्पविरामांचे पूर्णविराम केले तर ‘१.२३४.५०’ असे होते. मग पूर्णविरामांचे स्वल्पविराम केले की ‘१,२३४,५०’ उरते. दोन चिन्हे एकरूप झाली आणि दशांश कोठे होता हे संख्येवरून सांगता येईना. तिसरे, मजकुरात कोठेही न येणारे चिन्ह मध्यस्थ म्हणून वापरणे हा यावरचा जुना उपाय आहे. मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत प्रत्येक वर्णासाठी कोष्टक पाहणे हा अधिक चांगला उपाय होय, कारण त्यात एकदा लिहिलेला वर्ण पुन्हा तपासला जात नाही. ‘टीआर’ आणि ‘ट्रान्सलेट’ याच रीतीने चालतात.

शोधावयाचे घटक एकाहून अधिक वर्णांचे असतील तर सर्वांत लांब घटक आधी तपासावा लागतो. याची खरी कसोटी जुन्या फॉन्टच्या रूपांतरात लागते. त्याविषयी पुढे आले आहे.

जावास्क्रिप्टमध्ये नवशिक्यांना आणखी एका गोष्टीचा फटका बसतो. तेथील ‘रिप्लेस’ पद्धतीला शोधावयाचा मजकूर साध्या अवतरणात दिला तर केवळ पहिलीच जागा बदलते. सर्व जागा बदलणारी ‘रिप्लेसऑल’ ही पद्धत भाषेच्या २०२१च्या प्रमाणात आली.

देवनागरीतील अडचणी

पडद्यावर दिसणारे एक अक्षर संगणकात एकाहून अधिक वर्णांचे बनलेले असू शकते. ‘कि’ म्हणजे ‘क’ आणि त्यानंतर वेलांटी असे दोन वर्ण. पडद्यावर वेलांटी आधी दिसली तरी साठवणीत ती नंतरच असते. इतके समजले की पुष्कळसे काम सोपे होते. अवघड भाग यापुढचा आहे: एकाच दिसणाऱ्या अक्षराची संगणकात अनेक लेखने असतात.

‘ॲपल’ या शब्दातील पहिले अक्षर हे याचे ठळक उदाहरण आहे. यू+०९७२ या क्रमांकाचा स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. तोपर्यंत मराठी लेखक ‘अ’ला अर्धचंद्राची मात्रा जोडून ‘अॅ’ लिहीत, किंवा त्या दोहोंमध्ये रुंदी नसलेले जोडचिन्ह घालून ‘अ‍ॅ’ लिहीत, किंवा ‘ऍ’ हे वेगळेच अक्षर वापरीत. ही चारही लेखने आजच्या मजकुरात सापडतात. एक लेखन शोधले तर उरलेली तीन सापडत नाहीत. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही येथे उपयोगी पडत नाही, कारण त्या नियमांनुसार ही चार लेखने परस्परसममूल्य नाहीत. त्यामुळे बाकीच्या तिन्हींच्या जागी ‘ॲ’ ठेवणारी आज्ञावली मराठी मजकुरासाठी खरोखर उपयुक्त ठरते, आणि अर्थहानीचा धोकाही तिच्यात नाही.

धोका आहे तो ‘ऱ’च्या बाबतीत. मराठीत ‘र’ आणि ‘य’ यांचे जोडाक्षर दोन प्रकारे लिहितात आणि त्यांचे उच्चार व अर्थ भिन्न असतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ दिलेले निमंत्रण आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले निमंत्रण वेगवेगळ्या माणसांना पोहोचते. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हास’ या शब्दांतही हाच अर्धा र आहे. संगणकात तो तीन प्रकारे साठवलेला आढळतो: यू+०९३१ या क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्तचिन्ह, साधा ‘र’, वेगळा नुक्ता आणि हलन्तचिन्ह, किंवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर रुंदी नसलेले जोडचिन्ह, ज्याचा क्रमांक यू+२००डी आहे. पहिली दोन लेखने युनिकोडच्या दृष्टीने सममूल्य आहेत आणि सामान्यीकरणाने एकरूप होतात. तिसरे होत नाही.

आता मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या दोन अगदी निरुपद्रवी भासणाऱ्या आज्ञावली पाहाव्यात. एक आज्ञावली न दिसणारी सर्व चिन्हे काढून टाकते. तिसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’तील जोडचिन्ह गेले की ‘दर्या’ उरतो. दुसरी आज्ञावली हिंदीतून घेतलेल्या मजकुरातील ‘क़’, ‘ज़’, ‘फ़’ यांचे नुक्ते काढते, कारण मराठीत ते लिहीत नाहीत. दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’तील नुक्ताही तिच्या हाती सापडतो आणि पुन्हा ‘दर्या’ उरतो. दोन्ही वेळा मागे राहिलेला शब्द शुद्ध असतो. शुद्धलेखन तपासणीस तो दोष म्हणून दिसणार नाही. सह्याद्रीच्या दऱ्यांचे वर्णन सह्याद्रीच्या दर्यांचे होऊन बसते आणि वाचकाला लेखकाचेच हसू येते.

यावरचा उपाय क्रमातच आहे. आधी सामान्यीकरण करून वेगळा नुक्ता ‘र’मध्ये मिळवून घ्यावा. मग ‘र’, हलन्तचिन्ह, जोडचिन्ह या त्रयीच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्तचिन्ह ठेवावे. त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे किंवा नुक्ते यांना हात लावावा. हाच क्रम उलटा झाला तर कोणत्या ‘र्या’चा मुळात ‘ऱ्या’ होता हे मजकुरावरून कळण्याचा मार्ग राहत नाही.

विसर्ग आणि अपूर्णविराम

‘दुःख’ हा शब्द ‘दु:ख’ असा, विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकून लिहिलेला सर्रास आढळतो. दिसायला फरक फारसा नसतो, पण शोध घेताना शब्द सापडत नाही. दोन्ही बाजूंना लागून देवनागरी वर्ण असेल तर अपूर्णविरामाचा विसर्ग करावा, हा नियम सहज सुचतो. तो तीन ठिकाणी फसतो.

पहिले ठिकाण वेळेचे आहे. देवनागरी अंकही देवनागरीच्याच क्रमांकपट्ट्यात असल्याने ‘१०:३०’ हे ‘१०ः३०’ होते. म्हणून नियमात अंक वगळून केवळ अक्षरे व मात्रा धराव्या लागतात. दुसरे ठिकाण मराठी विकिपीडियासारख्या प्रकल्पांतील लेखांचे आहे. तेथे ‘वर्ग:’, ‘चित्र:’, ‘साचा:’ या नामविश्वांनंतर जागा न सोडता नाव लिहितात. अपूर्णविरामाचा विसर्ग झाला की तो लेख वर्गातून बाहेर पडतो किंवा चित्राऐवजी तुटका दुवा दिसतो. सांगकाम्याकरवी हजारो लेखांवर असा बदल चालवण्यापूर्वी ही नामविश्वे अपवाद म्हणून नोंदवणे अत्यावश्यक आहे. तिसरे ठिकाण शब्दान्ताचे. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘अंशत:’ यांत विसर्ग हवा, तर ‘टीप:’ किंवा ‘उदाहरणार्थ:’ यांत अपूर्णविरामच हवा. येथे कोणताही वर्णनियम पुरत नाही. विसर्गान्त शब्दांची यादीच जवळ ठेवावी लागते. सुदैवाने ती फार लांब नाही.

शब्दसीमा

हिंदीतील ‘कि’ हे उभयान्वयी अव्यय मराठीत ‘की’ असे दीर्घ लिहितात. निवडलेल्या परिच्छेदात ‘कि’च्या जागी ‘की’ ठेवण्याची आज्ञा दिली तर ‘किती’चे ‘कीती’, ‘किंवा’चे ‘कींवा’ आणि ‘किल्ला’चे ‘कील्ला’ होते. येथे बदल केवळ स्वतंत्र शब्दापुरता हवा. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दसीमेचे चिन्ह असते, पण देवनागरीसाठी त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पायथनच्या मूळ ‘री’ मॉड्यूलमध्ये मात्रांना शब्दाचा भाग मानले जात नाही. त्यामुळे ‘किती’मधील वेलांटीनंतर शब्द संपला असे त्याला वाटते आणि तेथील ‘कि’ तो बदलतो. स्वतंत्र ‘कि’च्या शेवटी मात्र वेलांटी आणि रिकामी जागा या दोन्ही शब्दाबाहेरच्याच ठरतात, सीमा सापडत नाही आणि बदल होत नाही. जे टाळायचे ते घडते आणि जे घडायचे ते टळते. जावास्क्रिप्टमधील शब्दसीमा फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यांनाच ओळखते. निव्वळ देवनागरी मजकुरात ती कोठेच लागू पडत नाही. दोन्ही भाषांत शब्दाच्या आधी व नंतर देवनागरी अक्षर किंवा मात्रा नाही अशी अट स्पष्ट लिहिणे हाच भरवशाचा मार्ग होय.

जुन्या लेखनाचे आधुनिकीकरण करताना तर वर्णबदलाची मर्यादा लवकरच येते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘करणें’ अशा शब्दांतील अनुच्चारित अनुस्वार वगळले. म्हणून निवडलेल्या उताऱ्यातील अनुस्वार सरसकट काढता येत नाहीत. ‘गंगा’ आणि ‘अंक’ यांतील अनुस्वार उच्चारला जातो, तर ‘घरांत’ हा शब्द एका घराविषयी जुन्या पद्धतीने लिहिला आहे की अनेक घरांविषयी, हे वाक्य वाचल्याशिवाय सांगता येत नाही. जुन्या ग्रंथांची नावे आणि अवतरणे यांना तर अशी आज्ञावली लावूच नये.

जुन्या फॉन्टमधील मजकूर

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टंकला जात असे. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच असतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ही पाच अक्षरेच दिसतात, आणि मराठी शब्द देऊन शोध घेतला तर तो मजकूर कधीच सापडत नाही. अनेक छापखान्यांचे, कार्यालयांचे आणि लेखकांचे त्या काळातील साहित्य आजही या रूपात पडून आहे. ते युनिकोडमध्ये आणणे हा अक्षरबदल आज्ञावलीचा मराठीतील सर्वांत मोठा उपयोग म्हणता येईल.

हे रूपांतर दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा कोष्टकाचा. कृतिदेवमध्ये के हे रोमन अक्षर काना दाखवते. मोठा एच एकटा असेल तर अर्धा ‘भ’, आणि त्यानंतर के आला तर पूर्ण ‘भ’ होतो. ‘ख’, ‘ण’, ‘श’ यांचीही रचना अशीच, अर्धे अक्षर आणि दंड अशी आहे. आज्ञावलीने के या अक्षराचा आधीच काना करून टाकला तर ‘भ’च्या जागी अर्ध्या ‘भ’ला लटकलेला काना उरतो. म्हणून दोन वर्णांच्या जोड्या आधी आणि एकेरी वर्ण नंतर, हा लांब घटकाचा नियम येथे काटेकोरपणे पाळावा लागतो.

दुसरा टप्पा स्थानबदलाचा. टंकलेखन यंत्राच्या परंपरेनुसार कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती नंतर हवी. तिला केवळ एक वर्ण ओलांडून पुढे नेले तर ‘किती’ जमते, पण ‘स्थिती’ बिघडते, कारण तेथे वेलांटीने ‘स्थ’ हे संपूर्ण जोडाक्षर ओलांडले पाहिजे. रफाराचे नेमके उलट आहे. ‘कर्म’ या शब्दात तो ‘म’नंतर टंकलेला असतो आणि ‘म’च्या आधी न्यावा लागतो, ‘पूर्वी’मध्ये तो वेलांटीच्याही नंतर असतो, म्हणून वेलांटी आणि ‘व’ या दोन्हींना मागे टाकून जावे लागते. ही हलवाहलव साध्या कोष्टकात बसत नाही. जोडाक्षर म्हणजे काय हे आज्ञावलीला सांगावेच लागते: हलन्तचिन्हांनी सांधलेली व्यंजनांची साखळी आणि तिच्या टोकाचे पूर्ण व्यंजन.

अशा दस्तऐवजात मधूनमधून खरा इंग्रजी मजकूरही असतो. वर्डच्या संचिकेत प्रत्येक अक्षराचा फॉन्ट नोंदलेला असल्याने कृतिदेवमधील भाग तेवढा निवडून रूपांतर करता येते. तोच मजकूर साध्या संचिकेत उतरवला की फॉन्टची नोंद जाते आणि इंग्रजी नाव कोणते, देवनागरी शब्द कोणता हे आज्ञावलीला ओळखता येत नाही. मूळ संचिका रूपांतरानंतरही जपून ठेवतात ती यासाठी.

निवडीची सीमा

‘निवडलेला मजकूर’ म्हणजे नेमके काय, याबाबत संपादकांचे एकमत नाही. विम या संपादकात ओळीचा एखादाच भाग निवडून बदलाची आज्ञा दिली तरी ती आज्ञा त्या संपूर्ण ओळीवर चालते. निवडीपुरती बांधून ठेवण्यासाठी शोधात वेगळे चिन्ह घालावे लागते. वर्डच्या मॅक्रोत शोध टोकाला पोहोचल्यावर थांबावा की पुढे चालू राहावा, हे ठरवणारे एक मूल्य असते. ते ‘पुढे चालू’ असे राहिले तर बदल निवड ओलांडून दस्तऐवजभर पसरतो. ‘थांबा’ असे ठेवले, पण काहीच निवडलेले नसले, तर तो कर्सरपासून शेवटपर्यंत होतो. म्हणून निवड रिकामी असल्यास काहीही न करता बाहेर पडावे, ही अट आज्ञावलीत सर्वांत आधी लिहितात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये एकाच वेळी अनेक तुटक भाग निवडता येतात. तेथे निवड हा एक संग्रह मानून त्यातील प्रत्येक भागावर आवर्तन चालवावे लागते. सर्व बदल एकदम करणारी तेथील तयार आज्ञा मात्र संपूर्ण दस्तऐवजाला लागू होते.

नवा मजकूर परत ठेवताना ठळक, तिरपी इत्यादी सजावट टिकवणे हाही प्रश्न असतो. निवडलेला भाग एक अखंड मजकूर म्हणून वाचून तसाच परत लिहिला तर रायटरमधील मिश्र सजावट नाहीशी होते. ती राखायची असल्यास परिच्छेद आणि परिच्छेदातील एकसारख्या सजावटीचे तुकडे असे उतरत जाऊन प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बदलावा लागतो. आज्ञावली यामुळे दुप्पट लांब होते, पण त्याला पर्याय नाही. बदल एका झटक्यात पूर्ववत करता यावेत म्हणून सर्व कृती एका गटात बांधण्याची सोय रायटरमध्ये आणि वर्डच्या २०१०पासूनच्या आवृत्त्यांत आहे. ती वापरली नाही तर शंभर अंक बदलल्यानंतर ‘पूर्ववत’ ही कळ शंभर वेळा दाबण्याची वेळ येऊ शकते.

वेबपानावरील लेखनचौकटीत निवडीची सुरुवात आणि शेवट हे दोन आकड्यांनी मिळतात. हे आकडे यूटीएफ-१६ या संकेतनाच्या एककांत मोजलेले असतात. देवनागरीचा प्रत्येक वर्ण असे एकच एकक व्यापत असल्याने मराठी मजकुरात हा तपशील सहसा जाणवत नाही.

मोडी लिप्यंतर

हा तपशील जाणवतो तो देवनागरीतून मोडीत जाताना. मोडी लिपीचा समावेश युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत २०१४ साली झाला. तिचे क्रमांक यू+११६०० पासून सुरू होतात, म्हणजे ते चार षोडशमान अंकांत मावत नाहीत. त्यामुळे यूटीएफ-१६ मध्ये मोडीचा प्रत्येक वर्ण दोन एकके व्यापतो आणि यूटीएफ-८ मध्ये चार बाइट. मजकूर एकेका एककाने वाचणारी जावास्क्रिप्ट आज्ञावली मोडी वर्णाचे दोन तुकडे करते आणि पडद्यावर चौकोन उमटतात. एककांऐवजी वर्णक्रमांकांनी मजकूर वाचणारी आवर्तनपद्धत तेथे वापरावी लागते. व्हिज्युअल बेसिकमधील क्रमांकावरून वर्ण देणारे फलनही या क्रमांकांपर्यंत पोहोचत नाही. तेथे दोन एकके जोडून वर्ण तयार करतात.

अंक, स्वर आणि व्यंजने यांचे कोष्टक दोन्ही लिप्यांत जवळजवळ एकास एक जुळते. मात्र प्रत्यक्ष मोडी लेखनात ह्रस्व आणि दीर्घ यांतील भेद पाळला जात नसे. जुन्या वळणाचा मोडी मजकूर तयार करण्यासाठी दोन्ही वेलांट्यांच्या जागी एकच चिन्ह ठेवणारी आज्ञावली लिहिता येते, परंतु तिचे कोष्टक उलटे फिरवता येत नाही. मोडीतून पुन्हा देवनागरीत आणताना तो शब्द ‘दिन’ होता की ‘दीन’, हे शब्दाच्या आगेमागे पाहून वाचकालाच ठरवावे लागते.